आमदार तुमचा की पक्षाचा? तपासून कसं पाहायचं

पक्ष नसते तर लोकप्रतिनिधी खऱ्या अर्थाने लोकांचा राहिला असता, हा विचार आपल्याकडे जुना आहे. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४८ च्या डिसेंबरात आपला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षच विसर्जित केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याच विचारातले. पुढे जयप्रकाश नारायण यांनी पक्षविरहित लोकशाहीची मांडणी केली. पण महाराष्ट्राचा अनुभव वेगळं सांगतो. १९९५ साली विधानसभेवर ४५ अपक्ष निवडून आले. शिवसेना ७३ आणि भाजप ६५ मिळून १३८ होत होते, बहुमताला १४५ लागत होते, त्यामुळे सरकार अपक्षांच्या पाठिंब्यावर उभं राहिलं. अपक्षाच्या चिन्हावर शिक्का मारताना हा उद्या कोणाचं सरकार आणणार, हे मतदाराला कळायला काही मार्ग नव्हता. ग्रामपंचायतीची निवडणूक आजही पक्षचिन्हावर होत नाही. गावात पॅनेल मात्र असतातच, आणि पॅनेलला ना घटना असते ना जमाखर्च.

म्हणून ‘पक्ष हवा की नको’ यात वेळ घालवू नका. मतदार आणि त्याचा प्रतिनिधी यांच्यामध्ये पक्ष नेमका कुठे उभा राहतो, आणि तिथे कागदावर काही खूण उरते का, हे पाहा. अशा जागा चार: तिकीट, व्हीप (सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश), पक्षांतर आणि पैसा. चारही जागा सामान्य माणसाला तपासता येतात. त्यासाठी वकील लागत नाही, चिकाटी लागते.

तयारी

एकाच आमदारापासून सुरुवात करा. सगळ्या जिल्ह्याचा तक्ता करायला घेतला की काम अर्धवट राहतं. वहीत किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने आखा: तारीख, विषय, आमदार काय बोलला, मत कसं दिलं, पुरावा कुठला. शेवटचा रकाना रिकामा असेल ती नोंद धरायची नाही. पेपरातलं ‘सूत्रांनी सांगितलं’ हा पुरावा नव्हे.

शिवाय पक्षाची घटना मिळवा. नोंदणीकृत पक्षांच्या घटना निवडणूक आयोगाकडे असतात आणि मान्यताप्राप्त पक्षांच्या घटना आयोगाच्या संकेतस्थळावर सापडतात. तिच्यात तीन कलमं शोधा: उमेदवार कोण ठरवतो, पदाधिकाऱ्यांची निवडणूक किती वर्षांनी होते, आणि घटना बदलायचा अधिकार कोणाला आहे. हा कागद शोभेचा नाही. शिवसेनेच्या अपात्रता प्रकरणात विधानसभाध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी निकाल देताना पक्षाची १९९९ ची घटना ग्राह्य धरली, कारण २०१८ ची सुधारित घटना आयोगाच्या नोंदीवर नव्हती. खरा पक्ष कोणता, हा प्रश्न सुटताना दप्तरातल्या एका कागदाला इतकं वजन आलं.

तिकीट कोणी दिलं आणि का

अर्ज दाखल झाला की उमेदवाराचं नमुना २६ मधलं शपथपत्र आयोगाच्या पोर्टलवर येतं. मालमत्ता सगळेच पाहतात. तुम्ही खटल्यांचा भाग नीट वाचा: कलम कोणतं, आरोप निश्चित झालेत का, शिक्षा झाली आहे का. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा एकाच ओळीत मोजू नका.

आता पक्षाचा कागद, ‘सी-७’. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० आणि २०२१ च्या आदेशांनुसार, गुन्हे दाखल असलेल्या उमेदवाराची निवड केल्यापासून ४८ तासांत पक्षाने कारण जाहीर करायचं असतं. ते एका स्थानिक भाषेतल्या आणि एका राष्ट्रीय वृत्तपत्रात, पक्षाच्या संकेतस्थळावर आणि समाजमाध्यमांवर यायला हवं. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालत नाही. पात्रता, कामगिरी, गुणवत्ता सांगावी लागते, आणि खटले नसलेला दुसरा माणूस का मिळाला नाही हेही. अनुपालनाचा अहवाल ७२ तासांत आयोगाकडे जातो.

इथे काय बिघडतं? कारणांचा मजकूर छापील असतो. एकाच पक्षाच्या दहा उमेदवारांचे सी-७ शेजारी शेजारी ठेवा. नाव बदललं आणि वाक्यं तीच राहिली, तर पक्षाने मतदारसंघाचा विचार केलेला नाही असा निष्कर्ष काढायला हरकत नाही. ‘लोकप्रिय आहेत, समाजकार्य करतात’ हे कारण नव्हे. कोणतं काम, कुठे, कधी, हे लिहिलेलं असेल तर ते कारण.

उमेदवारालाही स्वतःच्या गुन्ह्यांची माहिती तीनदा प्रसिद्ध करावी लागते: अर्ज मागे घेण्याच्या मुदतीनंतर पहिल्या चार दिवसांत, मग पाचव्या ते आठव्या दिवसांत, आणि नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. जाहिरात बारीक टायपात, आतल्या पानावर येते. तारखेसह कात्रण काढून ठेवा.

व्हीप कुठे चालतो, कुठे चालत नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, आणि आमदारही त्यांचा आडोसा घेतात. ‘मला पटलं नव्हतं, पण व्हीप होता’ हे उत्तर कधी खरं असतं आणि कधी पळवाट, ते ओळखता आलं पाहिजे.

१९६७ नंतरच्या आयाराम-गयारामांना आवर घालायला १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यघटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं. त्यात सदस्यत्व जाण्याची दोन मुख्य कारणं आहेत. एक, स्वेच्छेने पक्षाचं सदस्यत्व सोडणं. त्यासाठी लेखी राजीनामाच लागतो असं नाही, वागण्यावरूनही ते ठरवता येतं. दोन, पक्षादेशाविरुद्ध सभागृहात मतदान करणं किंवा मतदानाला गैरहजर राहणं. पण पूर्वपरवानगी नसेल आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नसेल तरच.

म्हणजे आमदार विरोधात मत देऊ शकतो आणि पक्ष ते पोटात घालू शकतो. कारवाई आपोआप होत नाही. आणि व्हीप फक्त मताला लागतो. तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, समितीतलं काम, मंत्र्याला पत्र, भाषणातला आक्षेप, यांपैकी कशालाही दहावं परिशिष्ट हात लावत नाही. विधेयकावर पक्षाच्या बाजूने मत देऊनही भाषणात ‘या कलमाने माझ्या तालुक्यातल्या शेतकऱ्याचं नुकसान होतं’ असं नोंदवता येतं. तेही केलं नसेल तर व्हीपचं कारण चालणार नाही.

सभागृहाबाहेरच्या निवडणुकांचे नियम वेगळे आहेत. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदान गुप्त असतं आणि व्हीप काढता येत नाही. राज्यसभेसाठी २००३ पासून मत उघड झालं. आमदार मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून पेटीत टाकतो, तरी विरुद्ध मत दिल्याने दहाव्या परिशिष्टाखाली सदस्यत्व जात नाही. विधान परिषदेसाठी आमदारांचं मतदान गुप्त. २० जून २०२२ रोजी याच निवडणुकीत मतं फुटली आणि त्या रात्रीपासून महाराष्ट्राचं राजकारण उलटंपालटं झालं. गुप्त मतदान आमदाराला पक्षापासून मोकळं करतं, पण मतदारापासूनही लपवतं. त्याने कोणाला मत दिलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

व्हीप कशावर असावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात सांगून ठेवलं आहे: सरकारवरचा विश्वास-अविश्वास, किंवा ज्या धोरणावर पक्षाने मतं मागितली ते धोरण. दिनेश गोस्वामी समितीनेही १९९० साली अपात्रता विश्वासदर्शक ठरावासारख्या मतदानापुरती ठेवावी अशी शिफारस केली होती. प्रत्यक्षात पक्ष किरकोळ विषयांवरही तीन ओळींचा, म्हणजे सर्वांत सक्त, व्हीप काढतात. बिघाडाचं मूळ इथे आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. सरकार पडू नये म्हणून केलेलं बंधन साध्या विधेयकाच्या एकेका कलमाला लावलं की चर्चा ऐकून मत बदलायची सोयच उरत नाही; मग चर्चेला बसायचं तरी कशाला?

तुमच्या वहीत म्हणून ‘व्हीप होता का’ एवढं लिहून भागणार नाही. विषय जाहीरनाम्यातला होता का, सरकार पडण्याशी संबंधित होता का, हेही लिहा. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आणि तरी व्हीप, अशा नोंदी वाढत गेल्या की पक्ष प्रतिनिधित्वाच्या आड येतोय हे दाखवायला पुरावा तयार होतो.

मत कसं दिलं ते शोधणं

विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कार्यवाहीचे अहवाल असतात. अधिवेशनाची तारीख घ्या, त्या दिवसाची कार्यवाही उघडा, आमदाराचं आडनाव शोधा. जुन्या अहवालांच्या पीडीएफमध्ये शोध चालत नाही, पानं उलटावी लागतात. आधी कामकाजाच्या क्रमावरून विषय गाठा, मग नाव शोधा.

बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’चं बहुमत, प्रस्ताव संमत. त्यात कोणी काय म्हटलं याची नोंद नसते. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा आवाजी मतदानाने संमत झाला. विरोधक मतविभाजन, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी, मागत राहिले. उलट ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारच्या ठरावावर शिरगणती झाली: बाजूने १६४, विरोधात ९९. तिथे प्रत्येक आमदार कुठल्या बाजूला उभा होता हे सांगता येतं. जनसुरक्षा विधेयकाचं पाहा. संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना आल्या, इतका लोकांना त्या विषयात रस होता. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झालं. तुमच्या आमदाराने सूचनांचा विचार करून मत दिलं की नाही, याचं उत्तर मतांच्या यादीत मिळणार नाही. फक्त भाषणांत शोधता येईल.

नोंद सापडत नसेल तर विधानमंडळ सचिवालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत. ‘अमुक तारखेच्या अमुक विधेयकावर मतविभाजन झालं का, झालं असल्यास सदस्यनिहाय यादीची प्रत’ एवढंच मागा. ‘आमदाराने असं मत का दिलं’ हे विचारलं की अर्ज वाया जातो, कारण ते उत्तर कुठल्याच फायलीत नसतं. पक्षाकडे अर्ज करण्यात मात्र वेळ घालवू नका. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण ठरवलं, पण पक्षांनी ते पाळलेलं नाही.

प्रश्नांची मोजणी करताना सावध राहा. एकाच तारांकित प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं जोडलेली असतात, त्यामुळे ‘आमच्या साहेबांनी इतके प्रश्न विचारले’ हा आकडा फुगतो. प्रश्न त्याच्या मतदारसंघाचा आहे का आणि उत्तरानंतर उपप्रश्न कोणी विचारला, ते बघा. मंत्री झालेला आमदार प्रश्न विचारत नाही. त्याचा रकाना रिकामा दिसणं हा दोष नव्हे.

खासदाराचं काम सोपं आहे. लोकसभेत मतविभाजन झालं तर चर्चेच्या अहवालात नावं येतात, आणि घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागत असल्याने तिथे मतविभाजन होतंच. संसदीय समित्यांचे अहवाल शेवटपासून वाचायला घ्या. असहमतीच्या टिप्पण्या तिथे जोडलेल्या असतात, आणि समितीत व्हीप नसतो. स्वतःच्या डोक्याने चालणारा खासदार तिथे सापडतो.

पक्ष बदलला तर

आधी प्रकार ओळखा. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांशांची ‘फूट’ हा बचाव काढून टाकला. उरलं ते विलीनीकरण, ज्याला विधिमंडळ पक्षाचे दोनतृतीयांश सदस्य लागतात. गोव्यात २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना मंदिर, क्रॉस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्षांतर न करण्याची शपथ दिली. सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ जण गेले. दोन्ही वेळा दोनतृतीयांशांचा आकडा भरला होता. मूळ पक्ष खरोखर विलीन झाला नाही तरी आमदारांची संख्या पुरते, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२२ च्या फेब्रुवारीत लावला. लहान सभागृहात हा आकडा जमवणं फार सोपं असतं, हे लक्षात ठेवा.

दुसरा प्रकार राजीनाम्याचा. आमदार पद सोडतो आणि नव्या चिन्हावर पोटनिवडणूक लढवतो. कर्नाटकात २०१९ साली १७ आमदारांनी हीच वाट धरली. अध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण निवडणूक लढवायला मोकळीक दिली. यात मतदाराला निदान पुन्हा विचारलं जातं.

तिसरा प्रकार ‘आम्हीच मूळ पक्ष’ असा दावा. २०२२ च्या जुलैत शिवसेनेचे दोन प्रतोद (पक्षाच्या वतीने व्हीप बजावणारे आमदार), ठाकरे गटाचे सुनील प्रभू आणि शिंदे गटाचे भरत गोगावले, एकाच मतदानासाठी परस्परविरुद्ध व्हीप काढत होते. आमदार कुठेही उभा राहिला तरी एक व्हीप मोडणारच होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. अध्यक्षांच्या जानेवारी २०२४ च्या निकालात मात्र शिंदे गट हाच पक्ष ठरला, आणि दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र झाला नाही. जून २०२२ मधल्या याचिकांचा निकाल लागायला दीड वर्षाहून जास्त काळ गेला.

हा उशीर हेच परिशिष्टाचं सर्वांत मोठं भगदाड आहे. निवाडा अध्यक्ष करतात, आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मणिपूरच्या प्रकरणात साधारण तीन महिन्यांची कमाल मर्यादा सांगितली, पण कायद्यात तशी मुदत लिहिलेली नाही.

तक्रार करता येते का? येते. ओडिशाच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की अपात्रतेची याचिका फक्त सभागृहाच्या सदस्यानेच करावी असं नाही, हितसंबंध असलेली व्यक्तीही करू शकते. याचिकेत काय घडलं ते थोडक्यात, तारखांसह लिहा. पुराव्याच्या प्रती जोडा. सही करून दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सत्यापन करा, म्हणजे मजकूर खरा असल्याचं लिहून द्या. सत्यापन राहिलं तर मूळ मुद्द्यापर्यंत प्रकरण जाण्याआधीच आक्षेप येतो. व्हीप मोडल्याचं म्हणणं असेल तर तो रीतसर बजावला गेला होता याचा पुरावा हवाच. ठाकरे गटाच्या आमदारांविरुद्धच्या याचिका याच मुद्द्यावर पडल्या.

नगरसेवकांसाठी वेगळा, १९८६ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. नगरपरिषदेचं प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, महापालिकेचं विभागीय आयुक्तांकडे.

पैसा

उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख रुपये आणि लोकसभेला ९५ लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. म्हणून उमेदवार पक्षाच्या तिजोरीवर किती अवलंबून आहे ते पाहणं गरजेचं. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि एक रुपया शुल्क भरून कोणालाही तो पाहता येतो. स्वतःचा पैसा, पक्षाने दिलेली रक्कम, इतरांच्या देणग्या, असे तीन आकडे उतरवून घ्या. पक्षाच्या बाजूला २० हजार रुपयांहून मोठ्या देणगीदारांची नावं आयोगाकडे दिलेल्या वार्षिक अहवालात असतात. त्याहून लहान देणग्यांची नावं मिळत नाहीत.

प्रचारात विचारायचं ते

पाच वर्षांच्या नोंदी हाताशी असल्या की उमेदवाराला मोघम प्रश्न विचारू नका. ‘लोकांसोबत राहाल का’ याला सगळे होच म्हणतात. लेखी उत्तर मागा: पक्षाच्या जाहीरनाम्यातला कोणता मुद्दा तुम्हाला या मतदारसंघासाठी पटत नाही? त्यावर व्हीप आला तर आधी परवानगी मागाल का, आणि मागितलेलं पत्र जाहीर कराल का? वादाच्या विधेयकावर मतविभाजन मागाल का? पक्ष सोडावासा वाटला तर आधी पदाचा राजीनामा द्याल का? उत्तरं गल्लीतल्या ग्रुपवर टाका, सही-तारखेचा फोटो काढून ठेवा. ज्याने उत्तर दिलं नाही त्याच्या नावापुढे तसं लिहा, आणि तीच वही निवडून आलेल्याच्या पहिल्या अधिवेशनापासून पुढे चालू ठेवा.